भिंतीतली ओल आणि बुरशी: आधी पाण्याचा माग, मग रंग

ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी भरून रंग मारणं हा ओलीवरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय आहे. पोपडे खरवडले जातात, ओलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रायमरचे दोन हात बसतात, भिंत कोरी करकरीत दिसते आणि काही महिन्यांनी डाग परत येतो. बऱ्याचदा आधीपेक्षा वीतभर वर येतो. यात गूढ काही नाही. पाणी भिंतीत येतच होतं. पूर्वी ते तिथल्या तिथे वाळून हवेत जायचं. रंगाने ती वाट बुजवली, म्हणून आता बाहेर पडायला जागा सापडेपर्यंत ते वर चढतं.

बुरशीचा हिशोबही पाण्याशीच जुळतो. तिचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत कायम तरंगत असतात, ते कायमचे घालवता येत नाहीत. खायला तिला धूळ, कागद, लाकूड, चामडं, रंगातले सेंद्रिय घटक, टाइल्सवरचा साबणाचा थर असं काहीही चालतं. आपल्याला तोडता येईल असा एकच पुरवठा आहे, तो पाण्याचा. आणि भिंत हाताला ओली लागायलाच हवी असंही नाही. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा, बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशी धरते.

पाणी भिंतीपर्यंत पोचण्याच्या वाटा मोजक्या आहेत. पाऊस बाहेरून झिरपतो, जमिनीतली ओल पायातून वर चढते, नळ-पाइप-बाथरूम-टाकी यांतून गळती होते, आणि खोलीतल्या हवेतली वाफ थंड जागी पाणी होऊन बसते. नव्या घरात बांधकामाचंच पाणी अजून वाळायचं असतं, ती पाचवी वाट. एका वाटेवरचा उपाय दुसरीवर चालत नाही, कधीकधी उलटतोही. म्हणून खर्च करण्याआधी निदान.

डाग काय सांगतो

पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ ओढा, शेजारी तारीख घाला आणि फोटो काढा. दर दोन-तीन दिवसांनी नवी रेघ. सोबत त्या दिवशी पाऊस होता का, बाथरूम किती वापरलं, एसी चालू होता का, एवढं लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत जे कळतं ते महागडं यंत्र घेऊन आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळत नाही.

पाऊस पडल्यावर काही तासांत किंवा दिवसाभरात डाग गडद झाला आणि उघडीप मिळाल्यावर फिका पडला, तर पाणी बाहेरून येतंय. जागा बहुधा ठरलेल्या असतात: खिडकीचे खालचे कोपरे, स्लॅब किंवा बीम विटांच्या भिंतीला भेटतो तो सांधा, गच्चीच्या कठड्याखालचा पट्टा, पाइप भिंतीतून जातो ते भोक. पावसाशी काही संबंध नसलेला आणि सतत वाढत जाणारा डाग म्हणजे दाबाखालच्या पाइपची गळती. आंघोळी झाल्यावर वाढणारा आणि घर बंद असताना सुकणारा डाग म्हणजे सांडपाण्याचा पाइप किंवा बाथरूमची जमीन. तळमजल्यावर जमिनीपासून सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीवर आडव्या, नागमोडी कडेने थांबलेली आणि त्या कडेला पांढरा खार फुटलेली ओल बहुधा जमिनीतली असते. वरच्या मजल्यांवर जमिनीची ओल पोचत नाही. तिसऱ्या मजल्यावर कोणी तुम्हाला त्यावरचं इंजेक्शन, म्हणजे भिंतीत भोकं पाडून भरायचं ओलरोधक रसायन, विकत असेल, तर दुसरा माणूस बघा. आणि कोपऱ्यात, कपाटामागे, पडद्याच्या आड, बाथरूमच्या छतावर काळे ठिपके उठलेत, पण पिवळट कडा नाही, खार नाही, गिलावा भक्कम आहे, तर तिथे हवेतल्या वाफेचं पाणी होतंय.

एक सावधगिरी. डाग आणि गळतीची जागा एकाच ठिकाणी असते असं धरून चालू नका. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी विजेच्या नळीतून वाहत जाऊन पार दुसऱ्या टोकाला पंख्याच्या हुकातून ठिबकतं. दिव्याच्या पॉइंटमधून किंवा स्विचबोर्डातून पाणी येताना दिसलं तर त्या सर्किटचा एमसीबी आधी पाडा, बाकी सगळं नंतर.

पांढरा थर दिसला की लोक त्यालाही बुरशी म्हणतात. ओळखणं सोपं आहे. थोडासा थर चमच्यात घेऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. विरघळला तर क्षार. मऊ, कापसासारखा राहून नुसता चिंब झाला तर बुरशी. बोटांत चोळल्यावर क्षार कुरकुरतात, बुरशी माखते. हा फरक महत्त्वाचा, कारण दोन्हींची साफसफाई नेमकी उलटी आहे. क्षार कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाकायचे. पाण्याने धुतलं तर ते विरघळून परत भिंतीत जातात. बुरशी कधीच कोरडी झाडायची नाही, बीजाणू खोलीभर उडतात.

भिंतीतली ओल की हवेतली, हे ठरवायला फॉइलची चाचणी करा. ३० सेंमी बाजूचा चौकोनी तुकडा, अॅल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा, कोरड्या झालेल्या पृष्ठभागावर लावून चारही कडा टेपने घट्ट बंद करा. भिंत दमट असेल तर टेप धरत नाही, त्यामुळे आधी ती जागा हेअर ड्रायरने पृष्ठभागापुरती वाळवून घ्या. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतली वाफ. फॉइल उचलल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असणंही शक्य आहे, कारण ओली भिंत थंड राहते आणि थंड भिंतीवर वाफही जास्त बसते.

दोन टोकं टोचायचं आर्द्रतामापक यंत्र घेऊन कोणी भिंत ‘४० टक्के ओली’ असल्याचं सांगत असेल तर फार घाबरू नका. ही यंत्रं लाकडासाठी बेतलेली असतात. विटांवर, सिमेंटवर तो आकडा फक्त तुलनेपुरता खरा. भिंतीत क्षार असले तर तो कोरड्या भिंतीवरही चढा येतो.

गळती शोधताना

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, दोन तास काहीही वापरू नका, परत बघा. काटा हलला तर पुरवठ्याच्या पाइपात गळती आहे. मीटर नसेल तर टाकीचा येणारा पुरवठा बंद करून रात्री पातळीची खूण करा आणि सकाळी तपासा. संडासच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला व्हॉल्व्ह गळतोय.

बाथरूमच्या जमिनीची परीक्षा पाणी तुंबवून होते. पाणी वाहून जायच्या जाळीचं तोंड रबरी बूच किंवा ओल्या फडक्याचा बोळा घालून बंद करा, सुमारे २५ मिमी पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. खालच्या छतावर किंवा पलीकडच्या भिंतीवर ओल वाढली तर जमीन झिरपते. काहीच झालं नाही तर बूच काढून पाणी एकदम सोडा: आता ठिबकलं तर दोष जाळीच्या खालच्या जोडात किंवा पाइपात आहे. मग शॉवर सरळ भिंतीवर मारून पाहा. या क्रमाने गेलं की सगळ्या टाइल्स उखडायची वेळ क्वचितच येते. दोष बऱ्याचदा जाळीभोवतीच्या जोडात, पाइप जमिनीतून जातो तिथे किंवा भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात सापडतो. कोपऱ्यात सिमेंटचा ग्राउट (टाइल्सच्या सांध्यात भरतात तो माल) भरू नका. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात आणि तो तडकतो; तिथे बुरशीरोधक सिलिकॉन हवं, आणि तेही जुनं पूर्ण काढून, जागा कोरडी करून. टाइल्समधला ग्राउट हे वॉटरप्रूफिंग नाही. खरा थर टाइल्सच्या खाली असतो, आणि तो फाटला असेल तर वरून सांधे भरून फक्त काही महिने मिळतात.

हवेतली वाफ, जिकडे कोणी बघत नाही

पाइप फुटलेला नाही, पाऊस आत येत नाही, तरी कपाटामागे काळं पडतं, अशा घरांत थोडं गणित कामाला येतं. हवा जितकी गरम तितकी वाफ तिच्यात जास्त मावते: एका घनमीटरमध्ये १० अंशांना सुमारे ९ ग्रॅम, २० अंशांना १७, २५ अंशांना २३, ३० अंशांना ३०. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर आकडा निरोगी वाटतो. पण बाहेरच्या भिंतीचा कोपरा १५ अंशांवर असेल तर तीच हवा तिथे ८२ टक्क्यांवर जाते, म्हणजे बुरशीची सोय झाली. भिंत १२ अंशांवर गेली तर थेंबच धरतील. उष्ण, दमट हवेत हे आणखी लवकर होतं. ३० अंश आणि ७० टक्के असलेली हवा २६ अंशांच्या भिंतीला लागली की ८८ टक्के. फक्त चार अंशांचा फरक.

म्हणूनच बुरशी खोलीच्या मध्यावर न धरता कोपऱ्यात आणि कपाटामागे धरते. तिथे हवा खेळत नाही आणि भिंतीला खोलीची ऊब मिळत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंमी पुढे ओढा, खाली-वर हवा जायला फट ठेवा, आणि शक्य असेल तर ते आतल्या भिंतीला लावा. भिंतीत बसवलेल्या कपाटाच्या दारांना जाळी किंवा भोकं हवीत. आत कपडे कोंबून भरले तर त्यांचाही उपयोग नाही.

आता ही वाफ येते कुठून? दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. पाच किलो कपडे मशीनमध्ये पिळून घरात वाळत घातले की दोन लिटर, कधी जास्त. आणि सहसा कोणाच्या ध्यानात न येणारा हिशोब गॅसचा: एक किलो एलपीजी जळताना दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. पातेल्यावर झाकण ठेवलं, भाजायचंच काम केलं, तरी ते येतंच. त्यामुळे स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. कोळशाच्या जाळीतून हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी वास कमी करते, पाणी जिथल्या तिथे राहतं.

बाथरूमचा एक्झॉस्ट आंघोळीनंतर २० ते ३० मिनिटं चालू ठेवा आणि दार लावून घ्या, पण दाराखाली एक-दोन सेंमीची फट असू द्या; आत हवा शिरायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. तो चालतोय का, हे बघायला जाळीवर कागदाचा चिठोरा धरा: चिकटून राहिला पाहिजे. पंख्याची नळी माळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या आत सोडून दिलेली आढळते, तेव्हा ओल बाथरूममधून उचलून छतात नेऊन ठेवली एवढंच होतं. आंघोळ झाल्यावर टाइल्सवरून वायपर फिरवला की पंख्याचं निम्मं काम हलकं होतं.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. बाहेर २० अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरला १६ ग्रॅमच पाणी आहे. आत २६ अंश आणि ७५ टक्के म्हणजे १८ ग्रॅम. पाऊस पडत असतानाही खिडकी उघडून घर वाळेल. उलट बाहेर ३० अंश आणि ८० टक्के, म्हणजे २४ ग्रॅम, आणि आत २७ अंश आणि ७० टक्के, म्हणजे १८ ग्रॅम, अशा दुपारी थंड तळमजल्याच्या खिडक्या उघडल्या तर भिंतींना पाणी पाजल्यासारखं होतं. तेव्हा खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) किंवा एसी चालू. घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ५० च्या आसपास ठेवायची.

यासाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी दोन साधी यंत्रं पुरतात, एक आत आणि एक बाहेर. स्वस्त यंत्र पाच-सात टक्के चुकू शकतं, म्हणून आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि यंत्र घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच मिळवा.

खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तर तो हवा झटकन थंड करून थांबतो, पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंडगार आणि चिकट राहते, आणि मग पलीकडच्या न थंडावलेल्या खोलीत, सामाईक भिंतीवर बुरशी उठते.

जमिनीतली ओल आणि पावसाचा झिरपा

विटा आणि सांध्यांतला माल सच्छिद्र असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी जमिनीतली ओल त्यात चढते. हे अडवायला जोत्यावर ओलरोधक थर असतो. तो फुटण्यापेक्षा त्याला वळसा पडल्याचं जास्त दिसतं. बाहेर मागाहून फरशी घातलेली असते, वाफ्याची माती भिंतीला टेकलेली असते, नाहीतर बाहेरचा गिलावा थेट जमिनीपर्यंत आणलेला असतो. बाहेरची जमीन त्या थराच्या किमान १५० मिमी खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर जाणारा हवा. माती उकरणं, गिलाव्याची खालची पट्टी कापणं, पावसाच्या पाइपचं तोंड लांब नेणं, एवढ्यावर बरंच भागतं. हे करून एक कोरडा मोसम वाट पाहा. तरीही ओल चढत असेल तरच सांध्यात भोकं पाडून सिलेनचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रसायनाचं, क्रीम भरायचा विचार करा.

पाणी थांबलं तरी खालच्या गिलाव्यात साठलेले क्षार हवेतली ओल ओढत राहतात आणि दमट दिवसांत डाग परत दिसतो. तो गिलावा डागाच्या कडेच्या निदान ३० ते ५० सेंमी वरपर्यंत विटांपर्यंत काढावाच लागतो. नवा गिलावा जिप्समचा करू नका, तो ओल धरून मऊ पडतो.

पावसाच्या बाबतीत शिडी लावून बाहेरून बघणं हाच अर्धा इलाज. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेलगत पाणी तुटायची खाच आहे का? ती रंगाने, सिमेंटने बुजलेली असली तर पाणी छज्जाच्या पोटावरून मागे सरकत भिंतीला लागतं. खिडकीच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे का, एसीच्या पाइपांची भोकं बाहेरच्या बाजूला खाली उतरतात का? केसाएवढ्या भेगांना लवचीक बाह्यरंग चालतो. त्याहून रुंद भेग इंग्रजी ‘व्ही’ आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरा, आणि हलणाऱ्या सांध्यात सीलंट. ओल्या भिंतीवर बाहेरून जलरोधक रंग मारलात तर आतलं पाणी आतच कोंडतं.

बुरशी काढताना

साधारण एक चौरस मीटरपर्यंतचा पट्टा घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, सांडपाण्यामुळे झालेला असेल किंवा घरात दमा असलेलं, प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या आणि त्या माणसाला खोलीपासून दूर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती श्वसनाच्या त्रासाशी असलेल्या संबंधामुळेच. कुठली जात आहे, काळी म्हणजे जास्त विषारी का, याच्या तपासण्यांवर पैसे घालवण्यात सहसा अर्थ नसतो. कुठलीही असली तरी काढायचीच आहे.

एन ९५ मास्क, रबरी हातमोजे, बाजूने बंद गॉगल. पंखा बंद, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. आधी फवाऱ्याने पट्टा हलका ओला करा. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडक्याने बाहेरून आत पुसत या, फडकं वारंवार बदला आणि वापरलेलं पिशवीत बांधून टाका. कोरड्या फडक्याने टिपा आणि त्याच दिवशी पंखा लावून वाळवा. टाइल्स, काच, धातू यांवर डाग राहिला तर लिटरभर पाण्यात ६० मिलीपेक्षा जास्त नाही एवढं घरगुती ब्लीच चालेल. गिलाव्यावर, लाकडावर ब्लीचने रंग उडतो, पण पाणी आत मुरतं आणि खालची बुरशी शाबूत राहते. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नका.

गादी, जिप्सम बोर्ड, फॉल्स सीलिंगच्या पाट्या, भुशाच्या लाकडाचं कपाट यांत बुरशी आतपर्यंत गेली असेल तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. पूर किंवा फुटलेल्या पाइपनंतर मात्र वेळ हातात असतो: २४ ते ४८ तासांत वस्तू पूर्ण वाळल्या तर बहुधा बुरशी धरत नाही.

राहिला रंग. जुना आडाखा असा आहे की एका बाजूने वाळणाऱ्या भिंतीला दर २५ मिमी जाडीला एक महिना लागतो. म्हणजे ९ इंची भिंतीला जवळजवळ नऊ महिने. पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून तो काळ कमी होतो, पण हीटर लावून भिंत तापवली तर फक्त वरचा थर वाळतो. नवा सिमेंटचा गिलावा निदान २८ दिवस उघडा ठेवा. मग फॉइलची चाचणी परत करा, आणि दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरच हात लावा, तोही वाफ आरपार जाऊ देणाऱ्या रंगाने: चुन्याचा किंवा सिलिकेटचा. घरात कार्य आहे, पाहुणे येणार आहेत आणि थांबणं शक्यच नाही, तर बाकीच्या तीन भिंती रंगवून घ्या आणि ही चौथी तशीच राहू द्या.